मार्गारेटची पेगी, एलिझाबेथची बेस: इंग्रजी मुलींच्या हाकेच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते आणि परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार करणाऱ्या मंडळींना इंग्रजी शिकवते. दोन्हीकडून नावांबद्दलचे तेच ते प्रश्न येत राहतात. काही साधे असतात, तर काहींनी मलाही चांगलंच अडवलं आहे. ज्या शब्दांत ते विचारले जातात, जवळपास त्याच शब्दांत ते इथे ठेवले आहेत.

१. लाडाचं नाव, टोपणनाव, हाकेचं नाव. यातल्या कशाबद्दल आहे हे?

मूळ नाव कापून, वळवून किंवा मऊ करून जे होतं त्याबद्दल. सुझनची सू, रिबेकाची बेकी, जोसेफिनची जो. 'टोपणनाव' हा शब्द मराठीत फार पसरट आहे. 'केशवसुत' हेही टोपणनाव आणि वर्गातल्या उंच मुलीला पडलेलं 'शिडी' हेही टोपणनावच. म्हणून या पानावर मी 'हाकेचं नाव' म्हणते, आणि जन्मदाखल्यावर असतं त्याला 'पाळण्यातलं नाव'.

२. म्हणजे आपल्या शकू-यमूसारखंच ना?

घडण अगदी तशीच. शकुंतलाची शकू, यमुनाची यमू, गोदावरीची गोदू. आपल्याकडे शेवटच्या स्वरावर माया तोलली जाते. 'यमू' म्हटलं की जवळ बोलावलेलं असतं, 'यमे' म्हटलं की काहीतरी सांडलेलं असतं. इंग्रजीत शेवटी लागणारा 'ई' असाच मायेचा: केटची केटी, अ‍ॅनची अ‍ॅनी, बेसची बेसी.

फरक आहे तो उंबरठ्याचा. आपली शकू घरात, माहेरात, फार तर वाड्यात. बँकेत गेली की ती शकुंतलाबाई. इंग्रजीत हाकेचं नाव उंबरठा ओलांडून थेट कचेरीत, व्हिजिटिंग कार्डावर आणि पाटीवर जाऊन बसतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या पत्नीचं नाव एलिझाबेथ, पण १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात उभ्या राहिलेल्या व्यसनमुक्ती केंद्राच्या नावात 'बेटी फोर्ड' आहे. तिथे कुणाला ते सलगीचं वाटत नाही. हा एक फरक लक्षात ठेवला तर खालचे बरेच प्रश्न सोपे होतात.

३. एकट्या एलिझाबेथची इतकी नावं का?

कारण एलिझाबेथ फार होत्या. १०६६ नंतर नॉर्मन लोक इंग्लंडवर राज्य करू लागले, तशी जुनी इंग्रजी नावं मागे पडत गेली आणि बायबलमधली व संतांची मोजकी नावं घरोघर फिरू लागली. मेरी, मार्गारेट, एलिझाबेथ, अ‍ॅन, जेन. एका गल्लीत चार एलिझाबेथ असल्या तर हाक कुणाला मारली हे कळायचं कसं? आपल्याकडे एका वाड्यात तीन लक्ष्म्या असल्या तर थोरली, धाकटी आणि माडीवरची अशी वाटणी व्हायची. तिकडे ती वाटणी नावाच्याच तुकड्यांनी झाली.

पुढचा तुकडा घेतला की एलायझा, मधला घेतला की लिझ, शेवटचा घेतला की बेथ. मग बेस, बेसी, बेटी, बेट्सी, लिबी. स्कॉटलंडमध्ये एलिझाबेथचं एल्स्पेथ झालं आणि त्यातून एल्सी आली. पहिल्या एलिझाबेथ राणीला प्रजा 'बेस' म्हणायची.

इंग्रजी मुलांचं एक जुनं कोडंच आहे. एलिझाबेथ, एल्स्पेथ, बेट्सी आणि बेस पक्ष्याचं घरटं शोधायला गेल्या. घरट्यात पाच अंडी होती. प्रत्येकीने एकेक घेतलं, तरी चार उरली. कारण चौघी मिळून मुलगी एकच! हे कोडं मी वर्गात घालते. मराठी मुलं हमखास वजाबाकी करत बसतात.

४. 'मार्गारेट'मध्ये 'प' कुठेच नाही. मग पेगी कुठून आली?

हा मला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता. मार्गारेटची मॅग, मॅगची मेग, आणि मेगला यमक जुळवून पेग. जुन्या इंग्लंडमध्ये हाकेच्या नावांची अशी यमकं जुळवायची फार आवड होती. पुरुषांतही तसंच: रॉबचा बॉब, विलचा बिल, रिकचा डिक. बायकांच्या नावांत 'म'च्या जागी 'प' यायचा. मेगची पेग, मॉलीची पॉली, मॅटीची पॅटी.

आता मॉली कुठली? ती मेरी. इथे 'र'चा 'ल' झाला आहे. बोबडं बोलणारं आपलं मूलही 'राम'ला 'लाम' म्हणतं, ते आठवा. याच वाटेने साराची सॅली झाली आणि डोरोथीची डॉली. म्हणजे मेरीपासून पॉलीपर्यंत यायला दोन पायऱ्या लागतात. दोन्ही माहीत नसतील तर या दोन नावांचं नातं दिसतच नाही.

तिसरी खोड 'थ'ची. जुन्या इंग्लंडमध्ये या नावांतला 'थ' पुष्कळदा 'ट'सारखा उच्चारला जाई. म्हणून कॅथरिनची केट, एलिझाबेथची बेटी, डोरोथीची डॉट, मार्थाची मॅटी. लिहिण्यात 'थ' राहिला, हाकेत 'ट' टिकला.

आणि चौथी, मला सगळ्यात गोड वाटणारी. 'माझी' या अर्थी जुन्या इंग्रजीत स्वरापूर्वी 'माय' नव्हे, 'माइन' यायचं. 'माइन अ‍ॅन' म्हणता म्हणता 'माय नॅन' ऐकू येऊ लागलं. माइन एलन, माय नेल. त्या 'न'मध्ये 'माझी' हा शब्द अडकून राहिलाय. नॅनपासून पुढे नॅन्सी. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांचं जन्मनाव अ‍ॅन फ्रान्सिस होतं.

५. अंदाजाने सापडणारच नाहीत अशी आणखी कोणत्या नावांच्या जोड्या आहेत?

मार्गारेटची डेझी. या फुलाला फ्रेंचमध्ये 'मार्गरिट' म्हणतात, म्हणून. ध्वनीचा इथे काही संबंधच नाही. हॅरिएटची हॅटी, व्हर्जिनियाची जिनी, फिलिपाची पिपा, थेरेसाची टेस, साराची सेडी, मटिल्डाची टिली. मार्थाची पॅट्सी हेही ऐकून ठेवा, पुढे प्रश्न १५ मध्ये ती भेटेल. आणि जेनी म्हणजे जेनिफर असं आज कुणीही सांगेल, पण जेनिफर हे नाव सर्वत्र पसरलं ते विसाव्या शतकात. त्याआधीची जेनी बहुतेक वेळा जेन किंवा जॅनेट.

६. हाकेच्या नावावरून पाळण्यातलं नाव ओळखता येतं का?

नाही. ओळखलं असं वाटतं तेव्हाच चूक होते. मिली ही एमिली, मिल्ड्रेड, कॅमिला किंवा अमेलिया यांपैकी कुणीही असू शकते. नेल ही हेलन, एलन किंवा एलिनोर. टीना क्रिस्टीना असेल किंवा मार्टिना.

शिवाय पुष्कळदा हाकेचं नाव हेच पूर्ण नाव असतं. वेल्सची राजकन्या केट ही कॅथरिन आहे, पण अभिनेत्री केट विन्स्लेट ही जन्मापासून केटच. १९८३ मध्ये अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री सॅली राइड सारा नव्हती. ब्रिटिश हाउस ऑफ कॉमन्सच्या पहिल्या महिला अध्यक्ष बेटी बूथरॉइड यांना 'एलिझाबेथ' लिहिणं ही सरळ चूक ठरेल.

आणखी एक गुंता. हाकेचं नाव मधल्या नावावरूनही येतं. २०२२ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान झालेल्या लिझ ट्रस यांचं नाव मेरी एलिझाबेथ ट्रस. तिकडचं मधलं नाव वडिलांचं नसतं, ते तिचंच दुसरं नाव असतं. त्यामुळे पहिलं नाव कागदावरच राहून गेलं यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

७. मग उलट चालेल का? कॅथरिन नावाच्या ग्राहकाला मी आपणहून 'केट' लिहू?

नका लिहू. कॅथरिनची केट, केटी, कॅथी, किटी, के यांतलं काहीही होऊ शकतं, आणि यातलं एक तिचं असतं, बाकीची तिची नसतात. केट म्हणवून घेणारीला 'कॅथी' म्हणणं म्हणजे आपल्या सुमतीला 'सुलू' म्हणण्यासारखं. ती वळून बघणारच नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने जवळीक दाखवावी म्हणून परदेशी ग्राहकाला 'प्रिय डेबी' असं लिहिलं. आधीच्या सात पत्रांखाली तिची सही 'डेबोरा' होती. उत्तर सभ्य आलं, काम झालं, पण त्या पत्राखाली सही नाव-आडनाव आणि हुद्द्यासकट होती. मेल माझ्यापुढे धरून तो विचारत होता, "मॅडम, ही रागावली का?" रागावली नव्हती. तिने दार थोडं पुढे ओढून घेतलं होतं.

नियम एकच आहे. पत्राच्या शेवटी ती स्वतः काय लिहिते ते बघा. मेलच्या पत्त्यात किंवा ठरावीक छापील सहीत 'एलिझाबेथ' असेल आणि वर हाताने टाइप केलेलं 'लिझ' असेल, तर पुढच्या मेलपासून लिझ.

८. बॉस म्हणते, "मला लिझ म्हण." माझी जीभच वळत नाही. 'लिझ मॅडम' चालेल?

भारतातल्या कचेरीत चालून जातं. बाहेर ते विचित्र वाटतं. तिने सांगितल्यावरही तुम्ही 'मॅडम' लावत राहिलात तर तिला आदर नाही, अंतर ऐकू येतं. मराठीत एकेरी नाव घेतलं की 'तू' आलंच असं आपल्या कानाला वाटतं. इंग्रजीत तो धागा नाही, कारण 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नाहीतच. आदर आवाजात आणि वाक्यात ठेवा. नाव फक्त 'लिझ'.

एक अपवाद. अमेरिकेच्या दक्षिण भागात, आणि पुष्कळ बालवाड्यांत, 'मिस केट' असं आदराने म्हणतात. तुमच्या लेकीची बाई 'मिस केट' असेल तर तुम्हीही तसंच म्हणा.

९. 'सॅम'चा मेल आलाय. सॅम आला की आली?

समँथाही सॅम आणि सॅम्युएलही सॅम. अ‍ॅलेक्स, क्रिस, पॅट, टेरी, चार्ली, जो, फ्रँकी या सगळ्यांचं तेच. इंग्रजी लिहिणाऱ्याचं यात फारसं अडत नाही. मराठीत मात्र क्रियापदच कोंडीत पकडतं, आणि आदरार्थी बोलून सुटका नाही: 'सॅम आले' आणि 'सॅम आल्या' यांतही निवड करावीच लागते.

यावर मी वर्गात सांगते तो मार्ग: 'सॅम यांनी कळवलं', 'सॅम यांचा मेल आला', 'सॅम यांच्याशी बोलणं झालं'. 'ने-नी'चा प्रयोग आणि 'यांचा' धरला की लिंग उघडं पडत नाही. फोनवर बोलणं होईपर्यंत असंच लिहा. कंपनीच्या संकेतस्थळावर फोटो असेल तर बघून घ्या, त्यात गैर काही नाही.

१०. शेवटी 'वाय' लिहायचा की 'आय-ई'?

ती लिहिते तसं. व्हिकी हे नाव चार-पाच प्रकारे लिहितात, आणि प्रत्येकीला आपलंच बरोबर वाटतं. देवनागरीत हा प्रश्न उरत नाही.

११. कोणती नावं आपणहून वापरू नयेत?

फ्रान्सिसची 'फॅनी' हे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अगदी घरंदाज नाव होतं. आज ब्रिटनमध्ये तो अश्लील शब्द आहे. जुन्या मजकुरात भेटली तर तशीच ठेवा, नवीन मुलीचं नाव ठेवू नका. ब्रिजेटची 'बिडी' आता खडूस म्हातारीसाठी वापरतात. मेरीची 'मॉल' म्हटलं की गुंडाची बाई आठवते. 'डॉली' मात्र आपल्याकडे वेगळंच जगली. पारशी घरांत आणि कितीतरी मराठी घरांतही ती पूर्ण नाव होऊन राहिली आहे. आपल्या ओळखीच्या डॉलीमावशीला डोरोथी कोण, हे माहीत असायचं काही कारण नाही.

१२. विमानाच्या तिकिटावर हाकेचं नाव चालतं का?

चालत नाही. तिकिटावर पासपोर्टवर आहे तेच नाव. मैत्रिणीचं तिकीट काढताना 'केट' टाइप करू नका, आधी पासपोर्टचं पान मागून घ्या. कचेरीच्या अर्जात 'कोणत्या नावाने ओळखतात' असा वेगळा रकाना पुष्कळदा असतो. हाकेचं नाव तिथे लिहायचं. ब्रिटनमध्ये हाकेचं नाव कायमचं आणि कायदेशीर करायचं असेल तर 'डीड पोल' नावाचा दस्त करतात.

१३. आम्ही परदेशात राहतो. शाळेत माझ्या ऐश्वर्याची 'अ‍ॅश' झाली. वाईट वाटतं. वाटू नये का?

वाटणं साहजिक आहे. तुम्ही ते नाव पत्रिका बघून, आजीला विचारून ठेवलेलं असतं. पण आधी तिला विचारा की हे नाव कुणी ठेवलं. मैत्रिणींनी खेळता खेळता ठेवलं आणि तिला आवडलं, तर ती तिथल्या रीतीने तिथल्या घरातली झाली, एवढंच. ते नाव तिचं आहे, तिला ठेवू द्या. पण बाईंनी 'मला हे जमत नाही' म्हणून परस्पर कापलं असेल, तर शाळेत जा आणि नाव चार तुकडे करून, सावकाश, दोनदा म्हणून दाखवा. चायकोव्स्की म्हणता येणाऱ्या माणसाला ऐश्वर्या म्हणता येतं.

सुनीता विल्यम्स यांना नासातले सहकारी 'सुनी' म्हणत. मराठी कानाला ते अजिबात परकं वाटत नाही, कारण आपल्या सुनीताचीही 'सुनी'च होते. मृण्मयी, क्षितिजा, ऋजुता या नावांची वाट अवघड आहे. अशा वेळी आपणच घरी एक छोटं नाव ठरवून दिलं, तर बाहेरच्यांच्या हातात कात्री जात नाही. हे माझं मत. काही आयांना ते पटत नाही, आणि त्यांचं म्हणणंही मी ऐकून घेते.

१४. भाषांतर करताना पेगी आणि मार्गारेट दोन्ही ठेवायची की एकच?

दोन्ही, पण वाचकाचा हात धरून. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका कौटुंबिक पत्रसंग्रहाचं भाषांतर करताना मी पेगी आणि मार्गारेट या दोन बहिणी समजले. साठ पानं झाल्यावर एका पत्रात 'पेगीच्या वाढदिवसाला' पाठवलेली लोकरीची शाल पुढच्या पत्रात मार्गारेटच्या खांद्यावर दिसली, तेव्हा थांबले. तारखा जुळवल्या. बाई एकच होती. साठही पानं पुन्हा केली.

तेव्हापासून पहिल्याच भेटीत वाक्यातच सांगून टाकते: 'मार्गारेट, घरच्यांची पेगी, जिन्यावरून खाली आली.' तळटीप देत नाही. आणि मूळ लेखकाने नाव कुठे बदललंय ते नीट जपते. आई रोज 'लिझी' म्हणते आणि एका दिवशी 'एलिझाबेथ!' म्हणते, तेव्हा तिचा आवाज चढलेला असतो. आपल्याकडे 'शकू'ची 'शकुंतले!' होते ना, तेच. ते सपाट करून सगळीकडे एलिझाबेथ लिहिलं तर भांडणच नाहीसं होतं. लिझीची 'लिजू' मात्र करू नका. माया मराठीत आणायची ती वाक्यात आणा: 'अगं लिझी' पुरतं.

१५. जुन्या नोंदी शोधतोय. पत्रांत 'पॉली' आहे, चर्चच्या वहीत ती सापडत नाही.

मेरी शोधा. का, ते प्रश्न ४ मध्ये आहे. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घरचंच बघा. पत्नी मार्था, थोरली मुलगीही मार्था, म्हणून ती मुलगी 'पॅट्सी'. आणखी एक मुलगी मेरी, ती लहानपणी 'पॉली' आणि मोठेपणी 'मरिया'. तिघी मायलेकींची ही नावं पत्रांतून पसरली, तर न कळणाऱ्याला घरात पाच बायका दिसतील. आई-मुलीचं नाव एक असणं तिकडे नेहमीचं, आणि हाकेची नावं वेगळी असायची त्याचं हेही एक कारण.

महाबळेश्वर, पुणे, मुंबईतल्या जुन्या ब्रिटिश दफनभूमींत शोधत असाल तर दगडावर बहुधा पूर्ण नाव आणि घरच्या पत्रांत हाकेचं, असं धरून चला. एलिझाबेथसाठी इझाबेलही बघा, ते त्याच नावाचं दुसरं रूप आहे.

हाकेची नावं आडनावांतही शिरली आहेत. 'मेगसन' म्हणजे मेगचा मुलगा. 'टिलटसन' हे आडनाव मटिल्डाच्या 'टिल'वरून आलं. आईच्या, तेही लाडक्या नावाने पुढची पिढी ओळखली गेली, आणि ते शेकडो वर्षं टिकलं.

१६. हाकेचं नाव पुढे कुणाचं पाळण्यातलं नाव होतं का?

होतं. व्हिक्टोरिया राणीचं पाळण्यातलं पहिलं नाव अलेक्झांड्रिना, लहानपणी घरी तिला 'ड्रिना' म्हणत. ते नाव मागे पडलं. पण १९२६ साली जन्मलेल्या दुसऱ्या एलिझाबेथ यांचं तसं झालं नाही. बोबड्या वयात स्वतःचं नाव म्हणता येईना म्हणून त्या 'लिलिबेट' म्हणत, आणि घरच्यांनी तेच उचललं. २००२ मध्ये आईच्या अंत्यविधीला शवपेटीवरच्या पुष्पचक्रात त्यांनी हाताने लिहिलेलं कार्ड होतं. राणी होऊन पन्नास वर्षं झाली होती, तरी त्यावर सही 'लिलिबेट' अशी होती.

२०२१ च्या जूनमध्ये त्यांच्या नातवाला, हॅरीला, मुलगी झाली. तिचं जन्मदाखल्यावरचं पहिलं नावच लिलिबेट. आणि घरात तिला हाक मारतात 'लिली'.